मराठी मीम पेज चालवणाऱ्या पोरापोरींना खुलं पत्र

मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बहुतेकांची खरी नावं मला माहीत नाहीत आणि विचारायचीही नाहीत. नाव न टाकता पेज चालवताय ते बरोबरच करताय. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यातल्या एकीनं तर ती पोस्ट फक्त लाइक केली होती. आयटी कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा तिथं वापर झाला ते सुप्रीम कोर्टानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, पण लोकांच्या मनातली भीती तशीच राहिली. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबन गाण्यावरून खारचा स्टुडिओ फोडला गेला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा दिवसांत तुम्ही सत्तेवरच्या माणसांवर हसता आणि लाखो लोकांना हसवता, याचा मला मनापासून आदर वाटतो. हे आधी सांगितलं, कारण पुढं जे लिहितोय ते तुम्हाला गप्प करायला लिहितोय असं कुणाला वाटू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे. मंत्री बोलताना घसरला, माइक चालू आहे हे विसरला, सभागृहात भलतंच करताना दिसला की अर्ध्या तासात त्याची क्लिप तुमच्याकडं येते, संध्याकाळपर्यंत टेम्प्लेट होतं, दोन दिवसांत त्यावर गाणं येतं आणि आठवड्यात सगळं विसरून आपण पुढच्या क्लिपवर जातो. या सगळ्यात तो माणूस जे काही करत होता, म्हणजे ज्या कामासाठी तो तिथं होता किंवा जे काम टाळून तो तिथं होता, ते कुठंच येत नाही. हसण्याची वाफ निघून जाते, नेता घराघरात पोचतो आणि प्रश्न जिथल्या तिथं.

मी सोलापूर जिल्ह्यातला आहे, त्यामुळं सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटलांपासूनच सुरुवात करतो. जून २०२२. २० तारखेला विधान परिषदेची निवडणूक झाली, त्याच रात्री शिवसेनेचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि मग सांगोल्याच्या आमदारांनी गावाकडच्या कार्यकर्त्याला केलेल्या फोनची ती क्लिप बाहेर आली. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्के. ती क्लिप गाजायचं कारण मला समजतं, माणूस अगदी मोकळेपणानं बोलतोय, त्यात लपवाछपवी नाही, आणि इतक्या ताणाच्या दिवसांत ते ऐकून कुणालाही हसू आलंच असतं. पण त्या दिवसांत नेमकं काय चाललं होतं बघा. राज्याचं सरकार पाडायची तयारी दुसऱ्या राज्यातल्या पंचतारांकित हॉटेलात चालली होती. विमानं कुणी पाठवली, हॉटेलचं बिल कुणी भरलं, लोकांनी एका पक्षाच्या चिन्हावर दिलेलं मत कुठल्या अधिकारात कुठं नेलं जात होतं, हे विचारायचे दिवस होते ते. आणि ज्या आसामात ते हॉटेल होतं तिथं त्याच आठवड्यात पुरानं हाहाकार माजवला होता, पन्नास लाखांवर माणसं पुराच्या तडाख्यात होती, सिलचर शहर कितीतरी दिवस पाण्यात होतं. पूर आलेला असताना सरकार आमदारांच्या सरबराईत गुंतलंय म्हणून २३ जूनला तृणमूलच्या लोकांनी त्याच हॉटेलबाहेर निदर्शनं केली. आपल्याकडं त्या निदर्शनांचं एकही मीम माझ्या बघण्यात आलं नाही. आपल्याकडं होती ती झाडी आणि डोंगार.

२९ जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० ला एकनाथ शिंदेंनी शपथ घेतली. पुढं ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला लावली ते योग्य नव्हतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता स्वतःच राजीनामा दिल्यामुळं जुनं सरकार परत आणता येणार नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही, राज्यपालांचं चुकलं असं देशातलं सर्वोच्च कोर्ट म्हणतंय. चौकातल्या दहा जणांना विचारून बघा, हे कितीजणांना माहीत आहे आणि झाडी-डोंगार कितीजणांना पाठ आहे.

शिवाय त्या हसण्यात आणखी एक गोष्ट होती जी आम्हा सोलापूर-सांगोल्याकडच्या लोकांना चांगलीच लागली. अर्धे लोक त्या माणसाच्या राजकारणावर हसतच नव्हते, ते त्याच्या बोलीवर हसत होते. आमच्याकडं सगळे असंच बोलतात, माझी आई असंच बोलते. शहाजीबापूंना काय विचारायचं ते सांगोल्याच्या लोकांनी आपल्या पद्धतीनं विचारलं. २०१९ ला ते फक्त ७६८ मतांनी निवडून आले होते आणि २०२४ ला शेकापच्या डॉ. बाबासाहेब देशमुखांनी त्यांना पाडलं. का पाडलं याची कारणं तिथल्या लोकांना विचारा, ते पाण्याबद्दल बोलतील, रस्त्याबद्दल बोलतील, त्या फुटीबद्दल पण बोलतील. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र सांगोला म्हटलं की आजही तेवढं एक वाक्यच आठवतं.

आता याच प्रकरणातली दुसरी बाजू बघा, कारण मला जे सांगायचंय ते इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं. त्याच ओक्केवरून विरोधकांनी ऑगस्ट २०२२ च्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिली, पन्नास खोके, एकदम ओक्के. फुटलेल्या आमदारांनी पन्नास खोके, म्हणजे पन्नास कोटी घेतले हा आरोप खरा की खोटा ते कुठल्या कोर्टात ठरलेलं नाही आणि मीही तो सिद्ध झालाय असं म्हणत नाही. पण ती चेष्टा आपल्यासोबत प्रश्न घेऊन आली होती, पैसे घेतले का हा प्रश्न. आणि मग काय झालं? एप्रिल २०२३ मध्ये खोक्यांवर रॅप करणाऱ्या पोरावर गुन्हा दाखल झाला. झाडी-डोंगारची इतकी गाणी आली, इतके स्टिकर आले, त्यावरून कुणावर केस झाल्याचं ऐकलंय का? नेत्यांना कुठल्या हसण्याची भीती वाटते आणि कुठलं हसणं चालतं, नव्हे आवडतं, हे यातून इतकं उघड दिसतं की मला वेगळं समजवायची गरज नाही.

थोडं मागं जातो. एप्रिल २०१३. त्या साली दुष्काळ होता, आणि उजनीत पाणी सोडा म्हणून आमच्या जिल्ह्यातला एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर ५५ दिवस उपोषणाला बसला होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत त्यावर जे बोलले, धरणात पाणीच नाही तर काय करायचं म्हणून जो शब्द वापरला, तो सगळ्यांना माहीत आहे, इथं परत लिहीत नाही. त्यांनी माफी मागितली, १४ एप्रिलला कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसून दिवसभर आत्मक्लेश केला. इंटरनेट तेव्हा आजच्याइतकं स्वस्त नव्हतं तरी फेसबुकवर चित्रं धो धो फिरली आणि पुढं दहा-बारा वर्षं दरवर्षी उन्हाळ्यात तेच तेच जोक आले. पण जरा आठवून बघा, त्याच्या चारच महिने आधी, ३० नोव्हेंबर २०१२ ला सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली होती. दहा वर्षांत सिंचनावर सत्तर हजार कोटींच्या आसपास खर्च झाला आणि त्याच्या मानानं जमीन किती भिजली यावरून राज्यभर वाद पेटला होता, त्यावरूनच सप्टेंबरमध्ये अजितदादांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं होतं आणि डिसेंबरमध्ये ते परत आले होते. म्हणजे पाणी कुठं गेलं हा प्रश्न टेबलावर होता, कागदांसकट होता. एक घाणेरडं वाक्य आलं आणि लोकांच्या तोंडी वाक्य राहिलं, पाण्याचा हिशोब राहिला नाही. त्या उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याचं नाव सुद्धा आज कुणाला सांगता येत नाही. मला हे आजही सहन होत नाही.

आणि २०१९. फडणवीसांच्या मी पुन्हा येईन वरचे तुमचे मीम मी सगळे पाहिलेत, त्या महिन्यात दुसरं काही फोनवर येतच नव्हतं. २३ नोव्हेंबरला सकाळी फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला आणि पहाटेचा शपथविधी हा शब्दच चेष्टेचा झाला. त्या पहाटे घडलं काय होतं? ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली आणि त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकच झाली नाही, कामकाज नियमांमधला १२ वा नियम वापरून पंतप्रधानांच्या अधिकारात ते केलं गेलं. तो नियम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. तातडी कसली होती? आणि ते सरकार पडायच्या आधी, २५ तारखेला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं सिंचनाच्या नऊ प्रकरणांची चौकशी बंद केली. या नऊ प्रकरणांचा अजित पवारांशी संबंध नाही असं विभागानं तेव्हा सांगितलं होतं तेही इथं लिहितो, कारण अर्धं सांगणं बरं नाही. पण निदान त्यावर बोलायला तर हवं होतं? आपण सगळे तेव्हा झोपमोड, गजर, कोंबडा यावर हसत होतो. पुढं ५ डिसेंबर २०२४ ला फडणवीस परत मुख्यमंत्री झाले आणि ज्या वाक्यावर पाच वर्षं चेष्टा झाली तेच वाक्य त्यांच्या समर्थकांनी अभिमानानं मिरवलं. पाच वर्षं फुकटात ते वाक्य लोकांच्या कानावर घातलं कुणी? आपणच.

आठवलेसाहेबांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. फेब्रुवारी २०२० मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळ चीनचे अधिकारी आणि भिक्खूंसोबत त्यांनी गो कोरोना म्हटलं, ते मार्चमध्ये सगळीकडं पसरलं आणि देशभर गाजलं. साथीबद्दल केंद्रातला मंत्री असं करतो यावर हसणं, रागावणं सगळं ठीक आहे, मंत्री म्हटल्यावर ते ऐकून घ्यावंच लागतं. पण त्यांच्यावरच्या मीमखालच्या कमेंट वाचल्यात का कधी? त्यांच्या रंगावर, कपड्यांवर, चेहऱ्यावर, आणि मग हळूच किंवा उघडपणे जातीवर. पॅंथरच्या काळात आणि नामांतराच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेला हा माणूस आहे, त्याचं आजचं राजकारण तुम्हाला पटत नसेल, मलाही कित्येक बाबतीत पटत नाही, पण त्या कमेंटमध्ये राजकारणाचा एक शब्द नसतो. तुम्ही मीम टाकून मोकळे होता आणि कमेंटमध्ये काय चाललंय ते बघत नाही, असं मला खूपदा दिसलंय, आणि ते मोठमोठ्या पेजवर पण दिसलंय.

बरं, ज्यावर खरंच धारेवर धरायला हवं होतं ते काय होतं सांगतो. आठवले केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री आहेत, २०१६ पासून. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनीच लोकसभेत लेखी उत्तर दिलं की गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत ३४० माणसं मेली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत त्यांच्याच नावानं उत्तर आलं की हातानं मैला साफ करण्यामुळं गेल्या पाच वर्षांत एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. कायद्यात हातानं मैला उचलणं वेगळं धरलंय आणि गटारात उतरणं वेगळं धरलंय, म्हणून दोन्ही उत्तरं कागदावर बरोबर बसतात. गटारात उतरून गुदमरून मेलेल्या माणसाच्या बायकोला जाऊन हा फरक समजावून सांगा. एका दलित नेत्याच्या खात्यातून हे उत्तर निघतं, ज्यांची माणसं त्या गटारात मरतात त्यांच्याच नेत्याच्या सहीनं, यापेक्षा विचारण्यासारखा दुसरा प्रश्न कुठला? दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले असते तरी पुरे होतं, कॅप्शन पण लागलं नसतं. गो कोरोनाला देशभर रीच मिळाला आणि या दोन उत्तरांवर मला एकही पोस्ट दिसली नाही.

अगदी अलीकडचं म्हणजे रमीचं. जुलै २०२५, विधान परिषद चालू, कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळताना दिसतात असा व्हिडिओ रोहित पवारांनी टाकला. मी खेळत नव्हतो, गेम आपोआप आला आणि मी तो घालवत होतो असं मंत्र्यांचं म्हणणं. महिनाअखेरीस त्यांचं खातं बदललं, कृषी दत्तात्रय भरणेंकडं आणि कोकाटेंना क्रीडा. इथं तुमच्या पेजचा दबाव कामाला आला हे मी मान्य करतो, विरोधक एकटे ओरडले असते तर खातं बदललं नसतं असं माझं मत आहे. पण खातं बदलल्यावर सगळे जिंकल्यासारखे थांबले आणि रमीला खेळाचा दर्जा मिळाला वगैरे जोक करून विषय संपला. त्याच अधिवेशनात सरकारनं स्वतः माहिती दिली होती की जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. आणि त्याच खरिपापासून एक रुपयातला पीक विमा बंद झाला, आता शेतकऱ्याला खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला पाच टक्के हप्ता भरावा लागतो. आमच्या भागात बँकेच्या आणि सेतूच्या दारात लोक विचारत होते की एक रुपया का चालत नाही, कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. रमीची क्लिप मात्र त्यांच्याही फोनवर आली होती. तिच्यावर एका ओळीत हप्त्याचा नवा दर टाकला असता तर ज्याला जिल्ह्याच्या पेपरातली बातमी पोचली नाही त्याला तुमच्या पेजवरून पोचली असती. एवढी ताकद आहे तुमच्याकडं, म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहितोय, वर्तमानपत्राच्या संपादकाला नाही.

कापलेल्या क्लिपबद्दल पण बोललं पाहिजे. राहुल गांधींचं बटाट्यातून सोनं आठवतंय ना, नोव्हेंबर २०१७ मधलं गुजरातचं भाषण. मागचं पुढचं वाक्य ऐकलं तर ते हे मोदींच्या तोंडचं म्हणून सांगत होते, पण ते वाक्य कापून क्लिप फिरली आणि आजही लग्नात-बारशात लोक ती खरी म्हणून सांगतात. आता तर एआयवर कुणाचाही आवाज काढता येतो. तुम्ही एक खोटी क्लिप टाकली की उद्या खऱ्या क्लिपवर नेता म्हणणार हे एआय आहे, आणि लोक मानणार. त्यामुळं कुठल्या पक्षाचा नेता आहे ते न बघता पूर्ण व्हिडिओ बघितल्याशिवाय टाकू नका, आणि चुकीचं गेलं तर जितक्या मोठ्यानं टाकलं तितक्याच मोठ्यानं काढलं असं सांगा, स्टोरीत चोवीस तास ठेवून नाही. आणि निवडणूक आली की काही पेज अचानक एकाच पक्षावर हसायला लागतात. पैसे घेतले असतील तर तसं लिहा, पेड लिहिलेलं लोकांना चालतं, फसवलेलं चालत नाही.

मी काही तुम्हाला बातमीदार व्हा म्हणत नाही, तो तुमचा धंदा नाही आणि रोज तीन पोस्ट टाकताना कुणाला इतका वेळ असतो ते मला कळतं. क्लिपखाली तारीख टाका, कुठल्या विषयावर बोलताना हे घडलं ते एका ओळीत टाका, आणि पंधरा दिवसांनी त्याच क्लिपवर एकदा परत विचारा की त्या विषयाचं पुढं काय झालं. शरीरावर, बोलीवर, जातीवर, कुणाच्या बायकोमुलीवर जाणाऱ्या कमेंट उडवा, पिन करायची असेल तर ज्यानं कामाचा प्रश्न विचारलाय त्याची करा. बाकी हसायचं तेवढं हसा, अडखळलेल्या शपथेवर हसा, उलट्या धरलेल्या कागदावर हसा, सगळं चालतं.

माहिती शोधायला वेळ नाही म्हणत असाल तर ती अडचण मी माझ्यापुरती तरी सोडवू शकतो. लोकसभेतली आणि राज्यसभेतली लेखी उत्तरं त्यांच्या वेबसाइटवर असतात, आपल्या विधिमंडळाचं कामकाजही वेबसाइटवर टाकलं जातं, उमेदवारांची शपथपत्रं मायनेता या वेबसाइटवर मिळतात. मला ती चाळायची सवय आहे आणि आवडही आहे. पुढच्या वेळी कुठल्या मंत्र्याची क्लिप हातात आली आणि त्याच्या खात्याचं उत्तर, आकडा, जुनं आश्वासन काही हवं असेल तर मला मेसेज करा, मी त्याच रात्री शोधून पानाच्या लिंकसकट पाठवतो. माझं नाव टाकायची गरज नाही, क्रेडिट नको, आणि कुठल्या पक्षाचा मंत्री आहे ते मी विचारणार नाही.

तुमचा एक फॉलोअर,
सोलापूर जिल्हा